तळेगावचे आचार्य : प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर

स्मरणिकेची जुळवाजुळव सुरू झाली म्हणजे आपल्या ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र द्यावे, अशी सूचना सभासदांकडून नेहमी येते, आणि ती योग्यच असते. यंदा मात्र आम्ही ज्ञातीच्या नात्याने नव्हे, तर शेजारधर्माच्या नात्याने एका शिक्षकाचे स्मरण करणार आहोत. पिंपरी-चिंचवड, चाकण आणि तळेगाव हा आपल्या सभासद कुटुंबांच्या चरितार्थाचा टापू. तेथील तळेगाव दाभाडे या गावाने एके काळी सबंध महाराष्ट्राचे लक्ष वेधून घेतले होते. ते कारखान्यांमुळे नव्हे, तर एका शाळेमुळे.

त्या शाळेचे संस्थापक प्रा. विष्णु गोविंद ऊर्फ अण्णासाहेब विजापूरकर. त्यांचा जन्म २६ ऑगस्ट १८६३ रोजी कोल्हापुरास झाला. पुढे तेथीलच राजाराम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. मराठी वाचकाला त्याच्याच भाषेत सकस ज्ञान मिळावे या हेतूने त्यांनी १८९४ साली ‘ग्रंथमाला’ मासिक काढले, पुढे ‘समर्थ’ हे साप्ताहिक चालविले आणि १९०६ साली ‘विश्ववृत्त’ सुरू केले. प्राध्यापकाची प्रतिष्ठा आणि निश्चित वेतन एवढ्यावर संतुष्ट राहणाऱ्यांपैकी ते नव्हते.

तो काळ वंगभंगाचा व स्वदेशीचा होता. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकमान्य टिळकांनी देशापुढे ठेवली होती. यांपैकी राष्ट्रीय शिक्षणाचे सूत्र अण्णासाहेबांनी आपल्या आयुष्याचे कार्य मानले. कारकून घडविणारे शिक्षण नको. मुलास मातृभाषेतून विद्या मिळावी, आपल्या धर्माचा व इतिहासाचा परिचय व्हावा, हातास काही उद्योग लागावा, आणि हे सर्व सरकारी अनुदानावाचून व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. या विचारातून १९०६ साली समर्थ विद्यालय उभे राहिले. कोल्हापूरच्या बाजूस आरंभ झालेले हे विद्यालय पुढे तळेगावास येऊन स्थिरावले.

सरकारी मदत नाकारणे बोलावयास सोपे, निभावून नेण्यास कठीण. अशी शाळा चालते ती शिक्षकांच्या त्यागावर आणि लोकांच्या लहान लहान देणग्यांवर. त्याच सुमारास, १९०८ साली, तळेगावातच पैसा फंडाचा काचकारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या प्रयत्नाने पैशापैशाच्या वर्गणीतून तो उभा राहिला होता. एकाच गावी लोकांच्या पैशावर एक शाळा आणि एक कारखाना उभा राहावा, ही गोष्ट आजच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले ते १९६२ साली. त्याच्या अर्धशतक आधीची ही हकीगत आहे.

परंतु सरकारची दृष्टी वळावयास वेळ लागला नाही. वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेविषयी पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी लिहिलेला लेख ‘विश्ववृत्ता’त प्रसिद्ध झाला, आणि १९०८ साली त्यावरून राजद्रोहाचा खटला उभा राहिला. अण्णासाहेबांना तीन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. त्यांचे तरुण सहकारी वामन मल्हार जोशी, ज्यांना आपण ‘रागिणी’कार म्हणून ओळखतो, तेही तुरुंगात गेले. वयाची पंचेचाळीस वर्षे उलटलेला विद्वान प्राध्यापक एका लेखापायी मजुरी करीत होता. इकडे १९१० साली सरकारने विद्यालयही बंद पाडले. तुरुंगातून बाहेर आल्यावर ज्याच्या आधाराने पुन्हा उभे राहावे, ते कार्यच उरले नव्हते.

येथे दुसरा कोणी असता तर त्याने उर्वरित आयुष्य ग्रंथवाचनात घालविले असते, आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. अण्णासाहेबांनी काही काळाने तळेगावातच पुन्हा शाळेचा संसार मांडला. ‘नवीन समर्थ विद्यालय’ या नावातच ती सर्व कथा सामावलेली आहे. १ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. पण ते नाव धारण करणारी शाळा तळेगावात आजही आहे.

गौरवाच्या भरात आम्ही एक गोष्ट लपवू इच्छीत नाही. कोल्हापूरच्या वेदोक्त प्रकरणात अण्णासाहेबांचे ‘समर्थ’ पत्र राजर्षी शाहू महाराजांच्या विरोधात उभे होते. काळाने त्या वादात महाराजांच्या बाजूने कौल दिला, हे आज कोणाही विचारी माणसास मान्य व्हावे. महाराजांनी निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडून दिली आणि १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. एकाच नगरीतील या दोन पुरुषांचे मार्ग परस्परविरुद्ध होते, तरी शिक्षणावाचून समाजास गती नाही, हे दोघांनीही ओळखले होते. एकाजवळ राज्य होते, दुसऱ्याजवळ केवळ चिकाटी. महाराजांकडून आपण दार सर्वांस उघडे ठेवण्याची दृष्टी घ्यावी, आणि अण्णासाहेबांकडून मोडलेले काम पुन्हा मांडण्याची हिंमत घ्यावी.

ज्ञातिसंस्थेने या चरित्रापासून काय घ्यावे? आमच्या मते एवढेच : आपला शिक्षणनिधी मोठ्या देणगीची वाट पाहत रिकामा राहू नये. प्रत्येक घरातून थोडे थोडे येत राहिले तरी शाळा उभी राहते, हे आपल्या शेजारच्या गावाने दाखवून दिले आहे. आणि त्या निधीचा लाभ देताना, शेजारच्या घरातील गुणी पण गरजू मुलाची ज्ञाती आपण विचारू नये. तळेगावच्या रस्त्याने कामावर जाताना सभासदांनी क्षणभर त्या शाळेकडे दृष्टी टाकावी, आणि शक्य झाल्यास घरातील मुलांना सोबत नेऊन तिची हकीगत सांगावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.