रोमन दारातला कुत्रा

रोमन शेतीग्रंथांत नांगर, बैल आणि द्राक्षमळा यांच्या बरोबरीने कुत्र्यालाही जागा आहे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात थोरल्या केटोने हा विषय एका वाक्यात उरकला: कुत्रे दिवसा कोंडून ठेवावेत, म्हणजे रात्री ते अधिक तिखट आणि जागरूक राहतात. पुढे इ.स.पू. ३७ मध्ये वारोने मेंढपाळांच्या कुत्र्यांविषयी सविस्तर लिहिले आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेलाने वाडीवरच्या कुत्र्याचा स्वभावच तपासायला घेतला.

कोलुमेला मूळचा स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. त्याने कुत्र्यांचे तीन वर्ग केले: वाडी राखणारे, मेंढरांमागे जाणारे आणि शिकारी. वाडीवरचा कुत्रा अंगाने थोराड आणि घोगऱ्या, दमदार आवाजाचा असावा, कारण चोर आधी आवाजाने बिचकतो आणि मग रूपाने. रंग काळा असावा. असा कुत्रा दिवसा भयंकर दिसतो आणि रात्री दिसतच नाही. मेंढपाळाचा कुत्रा मात्र पांढरा हवा, नाहीतर पहाटेच्या अंधुक उजेडात लांडगा समजून धनीच त्याला मारायचा.

त्याचे स्वभावाबद्दलचे निरीक्षण याहून मोलाचे आहे. फार गरीब कुत्रा चोरापुढेही शेपूट हलवतो आणि फार क्रूर कुत्रा घरच्यांच्याच अंगावर जातो, म्हणून दोन्ही टाळावेत, असे तो सांगतो. कुत्रा लाडिक असण्यापेक्षा करारी असावा, घरच्या गुलामांकडेही त्याने अधूनमधून रागाने पाहिले तरी चालेल, परक्यावर मात्र तो नेहमी भडकलाच पाहिजे. उगाच खुट्ट झाले की भुंकत सुटणाऱ्या कुत्र्यापेक्षा खात्री पटल्यावरच इशारा देणारा सावध कुत्रा त्याला जास्त पसंत आहे. राखण आणि हल्ला यांचे मूळ एकाच वृत्तीत आहे, प्रश्न फक्त प्रमाणाचा, हे त्याला नेमके कळले होते. पिल्लू चाळीस दिवसांचे झाले की शेपटीचे टोक दाताने तोडावे, म्हणजे ते पुढे पिसाळत नाही, हा मेंढपाळांचा समजही याच लेखकाने नोंदवला आहे, ही गोष्ट वेगळी.

वारोचा भर कुत्र्याच्या माणसाशी असलेल्या नात्यावर आहे. खाटकाकडचा किंवा शिकाऱ्याकडचा कुत्रा कळपासाठी घेऊ नये, असे तो बजावतो: पहिला मेंढरांमागे जायला आळशी, तर दुसरा ससा दिसला की मेंढरे सोडून धावणारा. अमितेर्नमच्या आउफिदियस पोंतियानसची हकीकतही तो देतो. या गृहस्थाने दूरच्या उंब्रिया प्रांतातून कळप विकत घेतले. सौद्यात कुत्रे होते, मेंढपाळ नव्हते. मेंढपाळांनी कळप दक्षिणेला पोचवायचा आणि परतायचे, एवढेच ठरले होते. ते परतल्यावर काही दिवसांनी कुत्रेही आपण होऊन, वाटेत रानात मिळेल ते खात, बऱ्याच दिवसांची मजल मारून उंब्रियात आपल्या माणसांपाशी येऊन ठेपले. कळप नव्या धन्याकडेच राहिला. कुत्र्यांनी राखण केली होती ती मेंढरांपेक्षा माणसांसाठी, असा अर्थ यातून निघतो. लांडग्यापासून संरक्षण म्हणून अशा कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा असे. आतून मऊ कातडे लावत, म्हणजे खिळ्यांची डोकी मानेला बोचत नसत. एखादा लांडगा या खिळ्यांनी एकदा जखमी झाला की पट्टा नसलेले कुत्रेही सुरक्षित राहतात, असे वारो म्हणतो.

शहरात कुत्रा देवडीत बांधलेला असे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईत एका घराच्या उंबऱ्याशी साखळीतल्या काळ्या कुत्र्याचे मोझेक आहे आणि त्याखाली कुत्र्यापासून जपण्याची सूचना. आज बंगल्यांच्या फाटकांवर दिसणाऱ्या पाटीची ही पूर्वज. आणखी एका घराच्या प्रवेशाशी मोझेकमधला कुत्रा निवांत पहुडलेला आहे. खऱ्या कुत्र्याचा पुरावा १८७४ मध्ये मिळाला: वेसोनियस प्रायमसच्या घरात साखळीला बांधलेला कुत्रा राखेत मेला होता, त्याच्या देहाच्या पोकळीत प्लास्टर ओतून तडफडणारी आकृती मिळवण्यात आली. धनी निघून गेले तेव्हा साखळी कोणी सोडली नव्हती.

राखणीत कसूर झाली तर रोमन लोक क्षमा करत नसत. इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्री रोममधली कॅपिटोल टेकडी चढले, तेव्हा हंस ओरडले आणि कुत्रे गप्प राहिले. त्याची शिक्षा म्हणून दर वर्षी कुत्रे जिवंतपणी क्रुसावर टांगत, असे रोमन लेखक प्लिनीने नोंदवले आहे.

उलट, कुत्र्याने भलत्यालाच चावले तर कायदा धन्याकडे वळे. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या बारा पट्टांच्या कायद्यापासून नियम असा: जनावराने नुकसान केले तर धन्याने भरपाई द्यावी किंवा जनावरच हवाली करावे. जनावराला बुद्धी नाही, म्हणून त्याच्या हातून ‘अपराध’ घडत नाही, अशी रोमन कायदेपंडित अल्पियनची मांडणी आहे. पण कुत्र्याला बांधून नेणाऱ्याच्या हातून तो स्वतःच्या आडदांडपणाने सुटला आणि दुसऱ्या कोणाला त्याला घट्ट धरता आले असते, किंवा त्या जागी त्याला न्यायलाच नको होते, तर दोष नेणाऱ्याचा. जाण्यायेण्याच्या रस्त्यालगत कुत्रा, रानडुक्कर, अस्वल किंवा सिंह ठेवायला ईडाइल नावाच्या नगर-अधिकाऱ्यांच्या आदेशाने बंदी होती. अशा प्राण्यामुळे स्वतंत्र माणूस मेला तर २०० सॉलिडस दंड, जखमी झाला तर न्यायाधीशाला योग्य वाटेल ती रक्कम, इतर नुकसानीला दुप्पट भरपाई, अशी तरतूद इ.स. ५३३ च्या जस्टिनियनच्या संहितेत आहे. शिवाय त्याच घटनेबद्दल बारा पट्टांचा जुना दावाही वेगळा लावता येत असे.