शेवटी आलेले अव्यय

इंग्रजी वाक्याचा शेवट प्रेपोझिशनने करू नये, हा दंडक आपल्यापैकी अनेकांनी शाळेत निमूटपणे स्वीकारला. मराठीत हा प्रश्न उद्भवतच नाही. आपले शब्दयोगी अव्यय नामाला मागून चिकटते व तेथेच राहते. इंग्रजीतले अव्यय मात्र नामाला सोडून वाक्याच्या टोकापर्यंत खुशाल भटकते, आणि ही भटकंती त्या भाषेला शतकानुशतके मानवलेली आहे.

तिच्यावरचा पहिला गाजलेला आक्षेप जॉन ड्रायडनचा. १६७२ साली त्याने बेन जॉन्सनच्या नाटकातील अशा एका वाक्यावर बोट ठेवले आणि आपल्याही लेखनात हा दोष असल्याचे कबूल केले. पुढे १६८४ मध्ये, नाट्यकाव्यावरील आपला १६६८चा निबंध पुन्हा छापताना, त्याने टोकाची अव्यये वेचून वेचून आत ओढली. इंग्रजी वाक्याविषयी शंका आली की ते लॅटिनमध्ये उतरवून पाहतो, असेही त्याने १६७९ साली लिहून ठेवले आहे. स्वतःच्या मातृभाषेला परक्या, मृत भाषेच्या न्यायासनापुढे उभे करण्याची ही हौस आपल्याला अपरिचित नाही!

या इतिहासातला खरा गमतीचा प्रसंग १७६२चा. त्या वर्षी रॉबर्ट लाउथचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध झाले. लाउथ धर्मोपदेशक, पुढे लंडनचा बिशप. शेक्सपिअर-मिल्टनच्याही चुका दाखवणारा. त्यामुळे या बंदीचे पाप सर्रास त्याच्या माथी मारले जाते, पण ते अन्यायाचे आहे. संभाषणात व घरगुती शैलीत ही रचना शोभते, गंभीर लेखनात अव्यय आधी आणणे अधिक डौलदार, एवढेच त्याचे म्हणणे. शिवाय आपल्या भाषेचा या रचनेकडे ओढा आहे, हे सांगणारे त्याचे वाक्यच 'टू' या अव्ययावर संपते. ही नजरचूक की थट्टा, यावर मतभेद आहेत. इतका काटेकोर माणूस नेमका त्याच वाक्यात घसरेल हे मला पटत नाही. ती थट्टाच होती.

ती लिंडली मरे या अमेरिकेतून यॉर्कला येऊन स्थायिक झालेल्या वकिलाच्या हाती पडली. १७९५ सालच्या आपल्या व्याकरणात त्याने लाउथचा मजकूर घेतला, पण 'टू' गुपचूप उचलून योग्य जागी नेऊन बसवला. विनोद गेला, उपदेश उरला. मरेच्या व्याकरणाच्या प्रती लाखोंनी खपल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या मुले लाउथऐवजी मरेकडून इंग्रजी शिकली. एका पुसलेल्या विनोदापायी किती वह्यांवर लाल शाई सांडली असेल, कोण जाणे.

थट्टा परतली ती सरकारी कचेरीतून. शेवटच्या अव्ययावर कोणी हरकत घेतली म्हणून चिडलेल्या अधिकाऱ्याने 'अप विथ विच आय विल नॉट पुट' असा शेरा मारल्याची कथा १९४२ साली छापून आली, ती बिननावी. चर्चिलचे नाव तिला नंतर चिकटले. (प्रसिद्ध माणसांना असली अव्यये चिकटतातच.) पुढे १९७९ मध्ये विल्यम सफायर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये, जो नियम सांगायचा तोच मोडणाऱ्या वाक्यांची मालिका सादर केली. वाचकांना ती फार आवडली आणि १९९० साली तिचे पुस्तकही झाले. युक्ती मात्र जुनीच, लाउथच्या त्या वाक्याची.