ई-स्कूटर जळून खाक झाली, भरपाई कोण देणार? कायद्यात कोणते मार्ग आहेत?

२६ मार्च २०२२. पुण्याच्या लोहगाव परिसरात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ओला एस१ प्रो स्कूटरमधून आधी धूर निघाला आणि बघता बघता गाडीने पेट घेतला. तो व्हिडिओ देशभर फिरला. पुढच्याच महिन्यात नाशिकजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या जितेंद्र ईव्हीच्या ४० स्कूटरपैकी २० जळाल्या. एप्रिल २०२२ मध्येच ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेल्या सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला.

व्हिडिओ व्हायरल होतो, कंपनी 'चौकशी सुरू आहे' असं पत्रक काढते आणि विषय मागे पडतो. मालकाचे प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतात. गाडीचे पैसे कोण देणार? कर्जाचे हप्ते थांबतात का? भिंत, वायरिंग, शेजाऱ्याची गाडी जळाली त्याचं काय? कुणी भाजलं असेल तर?

यासाठी कायद्यात एक नाही, चार-पाच वाटा आहेत आणि त्यातल्या काही एकाच वेळी चालता येतात. पण सगळ्या वाटा एकाच वस्तूपाशी सुरू होतात, ती म्हणजे जळालेली गाडी.

सांगाडा कुणाच्या ताब्यात आहे?

लिथियम-आयन बॅटरीत शेकडो छोटे सेल असू शकतात. एका सेलमध्ये बिघाड झाला की तो तापतो, त्या उष्णतेने शेजारचा सेल तापतो आणि साखळी सुरू होते. याला थर्मल रनअवे म्हणतात. सेलमधला दोष, बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेतली (बीएमएस) चूक, आत शिरलेलं पाणी, अपघातात बसलेला मार, चुकीचा चार्जर, यापैकी काहीही कारण असू शकतं. गंमत अशी, की ज्या सेलपासून सुरुवात झाली तोच सेल बहुतेक वेळा सगळ्यात जास्त जळतो. म्हणजे पुरावाच आगीत जातो. जे उरतं ते म्हणूनच मोलाचं.

आणि नेमकं तेच पहिल्या एक-दोन दिवसांत हातातून निसटतं. कंपनीची माणसं टेम्पो घेऊन येतात, 'तपासणीला नेतो' म्हणतात आणि घाबरलेलं कुटुंब सुटकेचा निःश्वास टाकून गाडी देऊन टाकतं. पुढे कंपनीचा अहवाल येतो: आग बाहेरून लागली. तो खोडून काढायला मालकाकडे काहीच उरलेलं नसतं.

त्यामुळे क्रम असा असावा. आधी अग्निशमन दल. आग विझल्यावर त्यांचा लेखी अहवाल मागून घेणं. मग पोलीस. अशा घटनांची नोंद बऱ्याचदा 'आकस्मिक जळीत' म्हणून होते. तेवढी नोंद आणि पंचनामाही पुढे फार कामाला येतो, म्हणून 'गुन्हा दाखल होत नाही तर कशाला' असं म्हणून परत फिरू नये. त्यानंतर विमा कंपनीला कळवणं. विम्याच्या सर्व्हेअरने पाहणी करण्याआधी गाडी हलवली तर दावा तिथेच अडकू शकतो. कंपनीला गाडी तपासायची असेल तर ती मालकाच्या समोर तपासावी. न्यायचीच असेल तर चासी नंबर, बॅटरीचा क्रमांक आणि कोणकोणते भाग नेले याची सही-शिक्क्याची पावती घ्यावी आणि बॅटरी नष्ट करू नये असं ईमेलने कळवावं. त्याच ईमेलमध्ये बीएमएस आणि ॲपमधली चार्जिंगची, तापमानाची माहिती जपून ठेवायला सांगावं. ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर असते. पण ती हजर करण्याचा आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो, कारण कागदपत्रं मागवण्याबाबत त्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

चार्जर फेकू नये. तो कंपनीचाच होता, हे सिद्ध करण्याची वेळ हमखास येते. आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून पुरावा जपायचा म्हणजे घरात आणून ठेवायचा नाही. मोकळ्या जागेत, इतर वाहनांपासून लांब ठेवावा.

व्हिडिओ टाकावा का?

टाकायला हरकत नाही, कंपन्या त्यालाच सगळ्यात लवकर उत्तर देतात. पण मूळ फाइल मोबाइलमध्ये तशीच ठेवावी. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत पुरावा म्हणून कमजोर ठरते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते मूळ फाइल असेल तर सोपं जातं. पोस्टमध्ये जे घडलं तेवढंच लिहावं. 'रात्रभर चार्जिंगला होती', 'बॅटरी बाहेरून बसवली होती' असं भावनेच्या भरात लिहिलेलं वाक्य वर्षभराने कंपनीच्या वकिलाच्या हातात दिसतं.

सगळ्यात जवळचा रस्ता: विमा

सर्वसमावेशक म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत आग, स्फोट आणि आपोआप पेट घेणं या तिन्हींचा समावेश असतो. दोष कुणाचा हे इथे सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे पैसे लवकर मिळण्याची शक्यता याच वाटेवर जास्त.

पण इथे एक फसगत आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीवर 'पाच वर्षं' वाचून लोक निश्चिंत राहतात आणि दुसऱ्या वर्षी गाडी जळाली की एक रुपयाही मिळत नाही. ज्यांची गाडी आज धडधाकट आहे त्यांनीही पॉलिसी उघडून ही तारीख बघावी.

गाडीवर कर्ज असेल तर विम्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. गाडी जळाली म्हणून हप्ते थांबत नाहीत. ते बंद केले तर सिबिल स्कोअर बिघडतो आणि मूळ तक्रारीला काहीच फायदा होत नाही.

विमा कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीनंतर महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, मुदत एक वर्षाची. विम्याचे पैसे घेताना एका पत्रावर सही मागितली जाते. उत्पादकाकडून वसुली करण्याचा हक्क त्या पत्राने विमा कंपनीकडे जातो. विम्याने न भरलेल्या नुकसानीसाठी, म्हणजे घर, दवाखाना, मनस्ताप यांसाठी आपला हक्क राखून ठेवला आहे, हे त्याआधी लेखी नोंदवावं.

ग्राहक आयोग: खरी लढाई इथली

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात ते नव्हतं. कलम ८४ नुसार उत्पादनात निर्मितीचा किंवा रचनेचा दोष असेल, ठरलेल्या प्रमाणांपेक्षा ते वेगळं बनलं असेल किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर होणाऱ्या हानीला उत्पादक जबाबदार. कंपनीने निष्काळजीपणा केला हे दाखवावं लागत नाही, दोष दाखवला की पुरतं. काही परिस्थितींत विक्रेता (कलम ८६) आणि सर्व्हिस सेंटर (कलम ८५) हेही जबाबदार ठरतात. आगीच्या आठवडाभर आधी गाडी 'बॅटरी गरम होते' म्हणून सर्व्हिसला दिली असेल तर ते जॉबकार्ड सोन्याच्या मोलाचं.

इथे कायद्याच्या शब्दांत एक खाच आहे. उत्पादन दायित्वातल्या 'हानी'मध्ये इजा, मृत्यू, इतर मालमत्तेचं नुकसान आणि त्यातून झालेला मानसिक त्रास येतो. खुद्द जळालेली गाडी येत नाही. गाडीची किंमत सदोष वस्तू म्हणून मागावी लागते, कलम ३९ खाली. त्यामुळे एकाच तक्रारीत दोन्ही मागण्या हव्यात: सदोष गाडीची किंमत परत आणि उत्पादन दायित्वाखाली बाकीची भरपाई. इंटरनेटवरचे तयार मसुदे उतरवताना दुसरा भाग सुटण्याची भीती असते.

तक्रार कुठे करायची? मागितलेल्या भरपाईवर नाही, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ते ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. ३१ लाखांच्या मोटारीला लागलेल्या आगीत पती गमावलेल्या महिलेने ५० कोटींहून जास्त भरपाई मागितली होती आणि किमतीच्या निकषाला आव्हान दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा निकष वैध ठरवला. सामान्य मालकाला याचा एक फायदाच आहे: पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी शून्य आहे, भरपाई कितीही मागा.

तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बिलामागे बारीक अक्षरांत 'वाद फक्त अमुक शहरात चालेल' किंवा 'वाद लवादाकडे जाईल' असं छापलेलं असतं, त्याने घाबरून जाऊ नये. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. मुदत दोन वर्षांची. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. प्रयोगशाळेची तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवावी.

दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर कलम ३८ नुसार आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. नमुना पाठवायला तो शिल्लक हवा, म्हणून सुरुवातीला सांगाड्याबद्दल एवढं सांगितलं. तक्रारीत आणखी एक गोष्ट मागावी: बॅटरीचं चाचणी प्रमाणपत्र. २०२२ च्या आगींनंतर दुचाकी-तिचाकींसाठीचं एआयएस-१५६ हे प्रमाण कडक झालं, १ डिसेंबर २०२२ पासून पहिला टप्पा आणि ३१ मार्च २०२३ पासून दुसरा. एका सेलची आग पसरण्याची चाचणी आणि धोक्याची आधी सूचना देणारी यंत्रणा त्यात आली. गाडी कोणत्या महिन्यात बनली हे आरसीवर असतं. त्या तारखेला लागू असलेलं प्रमाण पाळलं होतं का, हा प्रश्न कंपनीला थेट विचारता येतो.

कंपनीचा ठरलेला बचाव कलम ८७ मध्ये आहे: गाडीचा गैरवापर झाला किंवा तिच्यात फेरफार केला. बाजारातली स्वस्त बॅटरी, लोकल चार्जर, वेग वाढवण्यासाठी बदललेला कंट्रोलर, असं काही असेल तर बाजू लंगडी पडते. २५० वॉटच्या आतल्या, ताशी २५ किलोमीटरपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी लागत नाही. पण काही विक्रेते त्याच नावाखाली जास्त ताकदीच्या गाड्या विकतात. तिथे 'बिननोंदणीची म्हणून विकली' हे बिलावर किंवा चॅटमध्ये लिहिलेलं असेल तर विक्रेत्यालाही पक्षकार करावं.

स्कूटर डिलिव्हरीसाठी वापरली म्हणून हक्क जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याच्या दृष्टीने 'व्यावसायिक' ठरत नाही.

कुणी जखमी झालं किंवा दगावलं तर

गाडी रस्त्यावर वापरात असताना तिऱ्हाईताला इजा झाली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. कलम १६४ खाली कुणाची चूक हे न बघता मृत्यूला पाच लाख, गंभीर इजेला अडीच लाख. कलम १६६ खाली चूक दाखवून जास्त मागता येतात, पण मुदत अपघातापासून सहा महिन्यांची. उभ्या गाडीची आग म्हणजे 'वापर' का, यावर विमा कंपन्या वाद घालतात. साताऱ्यातल्या महामार्गावर अपघातानंतर पडून राहिलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला होता; तोही वाहनाच्या वापरातूनच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटलं. घरात काढून आणलेल्या बॅटरीला हे लावणं मात्र अवघड. तिथे ग्राहक आयोगच बरा.

शेजाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने स्कूटर विकत घेतलेली नाही, त्यामुळे तो सहसा ग्राहक ठरत नाही. तो दिवाणी दावा करू शकतो, उत्पादकावर आणि मालकावरही. दुचाकीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साधारण एक लाखाची मर्यादा असते आणि सोसायटीचं पार्किंग ही 'सार्वजनिक जागा' आहे का, हाही वाद निघतो. त्यामुळे शेजाऱ्याची नोटीस आली तर ती उत्पादकाकडे आणि विमा कंपनीकडे लगेच पाठवावी.

मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, जखमी असतील तर कलम १२५ लागू शकतं. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. फौजदारी खटल्यात कंपनीतल्या नेमक्या कुणाचा निष्काळजीपणा हे दाखवावं लागतं, म्हणून भरपाईसाठी त्यावर विसंबून राहू नये.

इतरांच्या गाड्यांचं काय?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावू शकतं. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांमार्फतही करता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं आणि तेव्हा उत्पादकाला किंमत परत करणं, गाडी बदलणं किंवा दुरुस्त करणं भाग पडतं. यातून एकट्या मालकाला भरपाई मिळत नाही, पण एकाच मॉडेलच्या तक्रारी साठत गेल्या की त्याच नोंदी आयोगासमोर दाखवता येतात.

कंपनीने नवी गाडी देऊ केली तर?

घ्यायला हरकत नाही. फक्त सोबत येणारा कागद वाचावा. त्यात बहुधा 'पूर्ण आणि अंतिम तडजोड, यापुढे कोणताही दावा राहणार नाही' असं वाक्य असतं, कधी पोस्ट काढून टाकण्याची अटही असते. घराचं नुकसान किंवा दवाखान्याचा खर्च बाकी असेल तर 'ही गाडी केवळ जळालेल्या वाहनाच्या बदल्यात स्वीकारली, इतर दावे कायम' असं लिहून सही करावी. कंपनी तसं लिहू देत नसेल तर त्याच दिवशी सही करू नये. तक्रारीसाठी दोन वर्षं आहेत.