बाझेलची समाधी आणि वक्ररेषांच्या दोन भाषा

स्वित्झर्लंडमध्ये ऱ्हाईन नदीच्या काठी बाझेल हे जुने नगर आहे. तेथील मुख्य चर्चच्या आवारात गणिती याकोब बेर्नुली याची स्मृतिशिला आहे. बेर्नुली १७०५ साली वारला. आपल्या समाधीवर एक विशिष्ट सर्पिल कोरावे आणि ‘बदललो तरी तोच होऊन पुन्हा उठतो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ सोबत असावी, ही त्याची इच्छा होती. ओळ कोरली गेली; सर्पिल मात्र दुसरेच कोरले गेले. पाथरवटाची चूक कोणती हे समजून घ्यायचे, तर वक्ररेषा ज्या दोन भाषांत बोलतात त्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे.

चौकात उभे राहून आपण वाटसरूला घर दोन प्रकारांनी दाखवू शकतो. ‘पूर्वेला चारशे पावले जा, मग उत्तरेला तीनशे,’ हा एक प्रकार. ‘त्या दिशेला बोट करतो, सरळ पाचशे पावलांवर,’ हा दुसरा. घर तेच. पहिल्या प्रकाराला आयत सहनिर्देशक म्हणतात, दुसऱ्याला ध्रुवीय.

पहिल्या प्रकाराचा उगम देकार्तच्या १६३७ मधील ‘भूमिती’ या ग्रंथात आहे. वक्ररेषेला समीकरण देण्याची ही युक्ती फार मोठी होती. पण देकार्तने तिला कुंपणही घातले. बेरीज, गुणाकार, घात यांच्या समीकरणात न बसणाऱ्या रेषांना त्याने भूमितीबाहेर ठेवले. त्यांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने अभ्यासलेले सर्पिलही गेले! दोष सर्पिलाचा नव्हता. त्याला बोलण्यास दिलेल्या भाषेचा होता. ध्रुवीय भाषेत तेच सर्पिल एका वाक्यात सांगता येते: केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या प्रमाणात वाढते.

ही दुसरी भाषा न्यूटनने १६७१ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात वापरली होती; पण तो ग्रंथ छापला गेला १७३६ साली. तोपर्यंत, १६९१ मध्ये, बेर्नुलीने तिचा वापर छापून प्रसिद्ध केला होता. पुढे त्याचाच शिष्य याकोब हेर्मान याने १७२९ मध्ये एका भाषेतून दुसरीत जाण्याची सूत्रे मांडली आणि ऑयलरच्या १७४८ च्या ग्रंथाने ती सर्वत्र रुळली.

सूत्रे अगदी थोडी आहेत. आडवे अंतर क्ष, उभे अंतर य, केंद्रापासूनचे अंतर त आणि कोन थ मानू. मग क्ष = त × कोज्या थ, आणि य = त × ज्या थ. उलट जाताना त² = क्ष² + य². यांतील ‘ज्या’ हा शब्द आपल्या ज्योतिषग्रंथांचा. तो अरबीत ‘जीब’ झाला, तेथे ‘जैब’ असा वाचला गेला आणि लॅटिनमध्ये ‘सायनस’ म्हणून उतरला. भास्कराचार्यांच्या वाचकाला भुज, कोटी आणि कर्ण यांचे हे नाते परके वाटले नसते.

आता या भाषांतराचा उपयोग पाहू. १६९४ मध्ये बेर्नुलीने आडव्या इंग्रजी आठाच्या आकाराची एक रेषा मांडली. तिचे समीकरण (क्ष² + य²)² = १०० (क्ष² − य²) असे घेऊ. आलेख काढायला बसावे तर चौथा घात आडवा येतो. पण वरील सूत्रे घातली की उरते एवढेच: त² = १०० × कोज्या २थ. कोन शून्य असता अंतर १०. ३० अंशांवर सुमारे ७.१, ४५ अंशांवर शून्य. त्यापुढे १३५ अंशांपर्यंत उजवी बाजू ऋण होते, म्हणजे तेथे रेषाच नाही. चार बिंदूंत पाकळी हाती येते. पडताळा हवा असल्यास ३० अंशांचा बिंदू पाहावा: तेथे क्ष² = ३७.५ आणि य² = १२.५. मूळ समीकरणाच्या दोन्ही बाजू २५०० येतात.

मात्र परतीच्या वाटेवर सावध राहावे. य ला क्ष ने भागून कोन काढला, तर ईशान्येचा बिंदू आणि नैऋत्येचा बिंदू यांचे उत्तर एकच येते. दिशा चिन्हांवरून ठरवावी लागते.

आता बाझेलला परत जाऊ. बेर्नुलीला हवे होते ते सर्पिल प्रत्येक वेढ्याला ठराविक पटीने वाढते: २, ४, ८, १६. ते मोठे केले तरी फक्त फिरवल्यासारखे होते, आकार तोच राहतो. म्हणून ती लॅटिन ओळ. पाथरवटाने कोरले ते समान अंतरांचे, आर्किमिडीजचे: २, ४, ६, ८. डोळ्यांना दोन्ही वेटोळीच. समीकरणात मात्र एकात गुणाकार आहे, दुसऱ्यात बेरीज.

रेषेची भाषा बदलली तरी रेषा तीच राहते, हे गणितज्ञांनी शंभर वर्षांच्या खटाटोपाने सिद्ध केले. ज्याने त्याला मोठा हातभार लावला, त्याच्याच समाधीवर भाषा बरोबर राहिली आणि रेषा बदलली. आम्हांला वाटते, समीकरण कशासाठी असते याचे याहून बोलके उत्तर दुसरे नाही.