गप्प बसलेले 205 खासदार

बोईसर-तारापूरच्या वस्त्यांत निवडणूक आली की उमेदवाराला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. पाणी, रस्ता, एमआयडीसीतलं कंत्राटी काम, नाल्यातून वाहणारं रसायन. ते विचारलेच पाहिजेत. पण न्यायाधीशाचा प्रश्न सभागृहासमोर आला तेव्हा तुम्ही काय केलंत, हे आपण खासदाराला विचारत नाही. चळवळीतल्या तरुणांनी ते विचारावं, असं आमचं म्हणणं आहे.

1930 साली 2 मार्चला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सुप्रीम कोर्टासाठी जॉन पार्कर यांचं नाव पाठवलं. कृष्णवर्णीयांनी राजकारणात भाग घेणं घातक आहे, अशा अर्थाचं विधान या गृहस्थांनी दहा वर्षांपूर्वी प्रचारात केलं होतं. एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांची संघटना विरोधात उतरली, कामगार संघटनाही उतरल्या. 7 मे रोजी सिनेटने 41 विरुद्ध 39 मतांनी नाव फेटाळलं.

एखादी संघटना इथे विजयी मेळावा घेऊन थांबली असती. एनएएसीपीने पार्करच्या बाजूने मत देणाऱ्या सिनेटरांची नावं लक्षात ठेवली. त्याच वर्षीच्या निवडणुकीत कान्ससचे हेन्री ॲलन आणि ओहायोचे रॉस्को मॅककुलॉक यांच्या विरोधात तिने प्रचार केला. दोघेही पडले. मंदीचाही त्यात वाटा होता, पण संदेश पोचला. पुढे 1991 मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांना 52 विरुद्ध 48 मतांनी मान्यता मिळाली. बाजूने मत देणारे इलिनॉयचे ॲलन डिक्सन पुढच्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत हरले. त्यांना हरवणाऱ्या कॅरोल मोझली ब्राउन सिनेटमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

आपल्याकडे खासदार न्यायाधीश निवडत नाहीत, मग हिशेब कसला, असं कुणी म्हणेल. बाबासाहेबांनी 24 मे 1949 रोजी संविधान सभेत सिनेटची पद्धत विचारपूर्वक नाकारली, हे खरं आहे. त्यात राजकीय दबाव शिरेल, असं त्यांचं मत होतं. पण त्याच भाषणात त्यांनी सरन्यायाधीशांना नकाराधिकार द्यायलाही नकार दिला; सरन्यायाधीश हाही शेवटी माणूसच, त्यालाही पूर्वग्रह असतात, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजियमची तरफदारी करणाऱ्यांनी हे भाषण वाचावं.

नेमणूक नाही, पण न्यायाधीशाला हटवण्याचं मत संविधानाने खासदाराच्या हातात दिलं. कलम 124(4) प्रमाणे हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश हवेत, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही हवं. ही दुसरी अट नीट समजून घ्या. लोकसभेत त्यासाठी पावणेतीनशेच्या आसपास मतं लागतात. म्हणजे जो गप्प बसतो, त्याचं वजन विरोधी मताइतकंच पडतं आणि नाव मात्र विरोधात लागत नाही.

11 मे 1993 ला नेमकं हेच घडलं. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्यावर पंजाब-हरियाणा हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी पैशाच्या उधळपट्टीचे आरोप होते. चौकशी समितीचे अध्यक्ष होते आपल्या महाराष्ट्राचे न्या. पी. बी. सावंत, ज्यांना आजची पिढी एल्गार परिषदेमुळे ओळखते. समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध धरले. सोमनाथ चॅटर्जींनी ठराव मांडला. सभागृहात 401 जण होते. बाजूने 196, विरोधात शून्य, आणि काँग्रेस व मित्रपक्षांचे 205 जण तटस्थ! ठराव पडला. पुढच्या वर्षी रामस्वामी रीतसर निवृत्त झाले.

तेव्हा आपला मतदारसंघ डहाणू होता, आदिवासींसाठी राखीव, आणि जागा काँग्रेसच्या दामोदर शिंगडा यांच्याकडे होती. 2018 च्या पालघर पोटनिवडणुकीत ते पुन्हा उमेदवार होते. ॲट्रॉसिटी कायदा ढिला करणारा सुप्रीम कोर्टाचा 20 मार्चचा निकाल आणि 2 एप्रिलचा भारत बंद तेव्हा ताजा होता. तरीही त्या प्रचारात 11 मे 1993 चा विषय आमच्या कानावर आला नाही.

त्या मतदानानंतर पाच महिन्यांनी, 6 ऑक्टोबर 1993 ला, सुप्रीम कोर्टाने नेमणुकीचा निर्णायक अधिकार स्वतःकडे घेतला. संसदेने आधीच स्वतःची किंमत उतरवून ठेवली होती, असं आम्हाला वाटतं.

2014 मध्ये संसद जागी झाली. न्यायिक नियुक्ती आयोगाचं विधेयक लोकसभेत 367 विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं. दोन मान्यवर सदस्यांपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिलांपैकी असणार होता. न्यायाधीश निवडणाऱ्यांत आपल्या माणसाला कायद्याने जागा देणारी ही तरतूद होती. सुप्रीम कोर्टाने 16 ऑक्टोबर 2015 ला 4 विरुद्ध 1 असा निकाल देऊन आयोगच रद्द केला. आयोगात कायदामंत्री बसवणं आम्हालाही धोक्याचं वाटतं. पण मंत्र्याला वगळून ती राखीव जागा ठेवणारी नवी घटनादुरुस्ती आणता आली असती. ती कुणी मंजूर करून घेतली नाही, आणि 2014 चं एकमत विरून गेलं.

पालघरच्या पुढच्या उमेदवाराला, पक्ष कुठलाही असो, पाणी-रस्त्याबरोबर दोन प्रश्न विचारा. न्यायाधीशाविरुद्ध ठराव आला तर तटस्थ बसणार का? आणि नेमणुकीच्या पद्धतीत आपल्या जागेसाठी सभागृहात बोलणार का? उत्तर तारखेनिशी लिहून ठेवा, मोबाईलवर रेकॉर्ड करा. लोकसभेच्या कामकाजाचे वृत्तान्त उघड असतात, ते पाच वर्षांनी शेजारी ठेवून वाचता येतात.