सामान्य तरवारीचे आयुष्य : जपानी शस्त्रेतिहासातील एक प्रश्न

जपानी तरवारीसंबंधीचे बहुतेक विवेचन थोर कारागिरांच्या निवडक कृतींभोवती फिरत आले आहे. त्यामुळे सामान्य शिपायाच्या कमरेला असणारी, घाऊक प्रमाणावर घडविलेली स्वस्त तरवार दीर्घकालीन वापरात कितपत टिकत असे, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा होय.

1467 ते 1477 या काळातील ओनिन युद्धानंतर जपानात शतकभर अंतर्गत संघर्ष चालू राहिला. ‘आशिगारू’ या पायदळाची संख्या वाढली आणि शस्त्रांची मागणी अपूर्व झाली. बिझेन प्रांतातील ओसाफुने व मिनो प्रांतातील सेकी ही या पुरवठ्याची प्रमुख केंद्रे ठरली. तेथे दोन प्रकारचे काम चाले : ग्राहकाच्या मागणीनुसार घडविलेले ‘चूमोन-उचि’ आणि संख्येने घडविलेले ‘काझुउचि-मोनो’. पहिल्या प्रकारच्या पात्यावर कारागिराचे व्यक्तिनामासह पूर्ण नाव कोरलेले आढळते. दुसऱ्यावर बहुधा ‘ओसाफुने सुकेसादा’ अशी घराण्याची संक्षिप्त मुद्रा असते. मिंग राजवटीशी चाललेल्या व्यापारातही तरवारींची मोठी निर्यात होई. 1483 च्या एकाच शिष्टमंडळाबरोबर तीस हजारांहून अधिक तरवारी चीनला गेल्या.

अशा पात्याच्या टिकाऊपणाचा विचार करताना प्रथम त्याचे घटक वेगळे केले पाहिजेत. लाकडी मूठ, तीवरील माशाचे कातडे, दोरीची वीण आणि पाते मुठीत अडकविणारी बांबूची खुंटी हे भाग आधी झिजतात. परंतु ते बदलता येतात. पात्याचे तसे नाही. ते पुसून त्यावर तेलाचा पातळ थर न ठेवल्यास गंज चढतो, आणि खोल गंज काढावयाचा तर दगडावर पाते घासावे लागते. प्रत्येक घासणीत पोलादाचा काही अंश कायमचा जातो. उत्तम पात्यात मऊ गाभ्यावर कठीण पोलादाचे पुरेसे जाड आवरण असल्यामुळे अनेक घासण्या सोसतात. घाईने घडविलेल्या पात्यात हे आवरण पातळ असल्यास गाभा लवकर उघडा पडतो. जाणकार अशा पात्याला ‘थकलेले’ म्हणतात.

तथापि एवढ्यावरून स्वस्त तरवार मूलतःच निकृष्ट होती, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. युद्धात कापण्याचे काम ती करीत असे. त्यासाठीच ती घडविली जाई. खरा भेद निगेचा होता. घासणीचा खर्च मौल्यवान पात्यासाठी केला जाई. स्वस्त पात्याच्या बाबतीत तो किंमतीपेक्षा अधिक ठरण्याचा संभव असे. म्हणजे आयुष्य निगेवर आणि निगा मूल्यावर अवलंबून राहिली.

विसाव्या शतकात याच प्रश्नाला निराळे वळण मिळाले. 1935 च्या ‘पंच्याण्णव क्रमांकी’ लष्करी तरवारीचे पाते यंत्राने घडविले जाई व त्यावर अनुक्रमांक असे. तिच्या ओतीव धातूच्या मुठीवर विणीचा केवळ आभास होता. गंज आणि झीज यांपुढे टिकण्यास ती असमर्थ नव्हती. परंतु 1945 च्या पराभवानंतर शस्त्रे जप्त झाली आणि पुढे 1958 च्या कायद्यानेही कलामूल्य असणाऱ्या पारंपरिक पात्यांनाच नोंदणीची मुभा राहिली. त्यामुळे यंत्रनिर्मित तरवारीला तिच्याच देशात स्थान उरले नाही. ज्या परदेशी सैनिकांच्या हाती पडल्या, त्या मात्र टिकून राहिल्या. येथे आयुष्य ठरविले ते पोलादाने नव्हे, कायद्याने.

यावरून संशोधकाने एक सावधगिरी बाळगणे आवश्यक ठरते. संग्रहालयांत आज दिसणारी पाती ही त्या काळच्या शस्त्रांचा प्रातिनिधिक नमुना नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीचा परिणाम आहेत. त्यांच्यावरून युद्धकाळातील सर्वसाधारण शस्त्राची कल्पना करणे म्हणजे राजवाडे पाहून गावातील घरांचे वर्णन करण्यासारखे होईल. थकलेले, गाभा उघडा पडलेले, संक्षिप्त मुद्रेचे पाते सौंदर्यदृष्ट्या उणे असले तरी सामान्य शिपायाच्या शस्त्राविषयी तेच अधिक बोलके साधन आहे. त्याची नोंद व जतन कलेच्या निकषावर सोडून चालणार नाही.