कांचघरांतला हिंवाळा

झाडाच्या फांदीवर वाढणारी, मुळें हवेंत सोडणारी वनस्पति दिसली कीं आपण तिला सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतों. ऑर्किडांवर हा अन्यायच आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषतें. ऑर्किड फांदीवर केवळ आसरा घेतें. मोकळी हवा, पावसाचें पाणी आणि सालीच्या भेगांतील थोडा पालापाचोळा एवढ्यावर त्याचें भागतें. एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंडला मात्र ही साधी गोष्ट उमगण्यास फार वर्षें लागलीं, आणि तोंवर फार झाडें मेलीं.

१८१८ सालीं लंडनजवळील बार्नेट येथें विल्यम कॅटली यांच्या कांचघरांत ब्राझीलमधील एक जांभळें ऑर्किड फुललें. जॉन लिंडले या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्या वंशास कॅटलींचेंच नांव दिलें, आणि पुढें धनिकांस ऑर्किडांचें वेड लागलें. हीं झाडें उष्ण कटिबंधांतील, तेव्हां त्यांना उष्णता हवी, असा सरळ हिशेब मांडला गेला. कांचघरें घट्ट बंद करून भट्टीनें तापवावयाचीं, आंत कातडीं कमावण्याची साल आंबत ठेवून ऊब वाढवावयाची, आणि बाराही महिने दमटपणा राखावयाचा! १८३० सालीं खुद्द लिंडले यांनीं लंडनच्या उद्यानविद्या मंडळापुढें वाचलेल्या निबंधांत भरपूर उष्णता, दमट हवा व दाट सावली यांचाच पुरस्कार केला होता. समुद्रप्रवासांतून कशींबशीं वांचलेलीं रोपें या घरांत येऊन कुजलीं. शाळेच्या नकाशांत उष्ण कटिबंध एकाच रंगानें रंगविलेला असतो. त्यांत डोंगराची उंची दिसत नाहीं. मला वाटतें, या बागवानांची फसगत त्या रंगानेंच केली.

चॅट्सवर्थ येथें डेव्हनशरच्या ड्यूकांचे बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनीं निराळी वाट धरली. त्यांनीं उष्णता कमी केली, हवा खेळती ठेवली आणि निरनिराळ्या हवामानाच्या झाडांसाठीं निरनिराळीं घरें केलीं. १८३५ सालीं त्यांच्या हाताखालील जॉन गिब्सन हा तरुण माळी हिंदुस्थानांत पाठविला गेला. खासी टेकड्यांत, म्हणजे आजच्या मेघालयांत, चेरापुंजीस राहून त्यानें ऑर्किडें गोळा केलीं व १८३७ सालीं तो परतला. डेंड्रोबियम वंशांतील एका जातीस त्याचें, तर दुसरीस ड्यूकांचें नांव मिळालें.

चेरापुंजी म्हटली कीं आपल्याला पाऊस आठवतो; तेथील कोरडा, थंड हिंवाळा कोणी लक्षांत घेत नाहीं. तेथील ऑर्किडांचें मर्म त्या हिंवाळ्यांतच आहे. डेंड्रोबियम नोबिले ही प्रसिद्ध जात घ्या. पावसाळ्यांत तिचे जाड कांडे भराभर वाढतात. पुढें पाणी आटतें, थंडी पडते, कांडे पक्के होतात, पानें बहुधा गळतात, आणि वसंतांत पेऱ्यांवर कळ्या येतात. हिंवाळ्यांतही कोणी तिला ऊब व पाणी देत राहिला, तर त्याच पेऱ्यांतून कळ्यांऐवजीं लहान रोपें फुटतात. म्हणजे अतिकाळजीनें झाड जगतें, पण फूल हातचें जातें. आपल्या सह्याद्रींतही डेंड्रोबियमच्या कांहीं जाती पर्णहीन कांड्यांवर फुलतात, हें कोंकणच्या वाटेवर उन्हाळ्याच्या तोंडाशीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. १८५२ सालीं बेंजामिन विल्यम्स यांनीं बागवानांसाठीं आपला ऑर्किड-ग्रंथ काढला, तेव्हां झाडांच्या विश्रांतीचा काळ हा त्यांतील स्वतंत्र विषय झाला होता.

सर्वांत स्पष्ट साक्ष जोसेफ हुकर यांची आहे. १८५० सालीं ते खासी टेकड्यांत हिंडत असतां निळ्या वँडाचीं रानें त्यांना लागलीं. इंग्लंडांत या फुलाला मोठी किंमत येई, पण तें जोपासणें फार अवघड समजलें जाई. १८५४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत हुकर लिहितात कीं, तीन ते चार हजार फूट उंचीवरील गवताळ टेकड्यांवर विरळ पानांच्या खुरट्या ओक वृक्षांवर हीं झाडें वाढतात. ऊन, पाऊस आणि वारा त्यांना सरळ झोंबतो, आणि त्यांचीं मुळें कोरड्या, खरबरीत सालीवर पसरतात. इंग्लंडांतील जोपासना याच्या अगदीं उलट आहे, हें त्यांनीं आपल्या देशबांधवांस बजावून सांगितलें.

त्याच हुकरांनीं क्यूच्या राजोद्यानासाठीं सात माणसांचे भारे भरतील इतकीं निळीं वँडा तेथून काढून घेतलीं. त्यांतील फारच थोडीं इंग्लंडला जिवंत पोंचलीं.